नवीन फर्नेस घेताय? आधी घराला उष्णता किती लागते ते काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेत दुमजली घर, खाली बेसमेंट, २० वर्षं जुनी गॅस फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), तिच्या प्लेटवर १ लाख बीटीयू (उष्णतेचं एकक, इथे सगळीकडे तासाला) इनपुट आणि ८०% एफिशियन्सी लिहिलंय, अजून चालतेय पण भरवसा राहिला नाही. वरच्या मजल्यावरच्या मागच्या दोन बेडरूम कायम गार असतात. तिघांना बोलावलं, तिघांनी तीन कोट दिले. पहिला म्हणतो आहे तेवढीच, १ लाखाची ८०% वाली बसवू. दुसरा म्हणतो ८० हजारची ९६% वाली टू-स्टेज (कमी आणि पूर्ण अशा दोन ताकदींवर जळणारी) घ्या. तिसरा म्हणतो वर गार राहतं म्हणजे फर्नेस कमी पडतेय, तर १ लाख २० हजारची मॉड्युलेटिंग (ज्वाला हळूहळू कमी-जास्त करणारी) घ्या, सगळ्यात वरचं मॉडेल. यातलं कुठलं घेऊ?

माझं उत्तर, तिन्हीपैकी एकही नको, निदान अजून तरी नको. कारण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तिघांनीही बेसमेंटमध्ये जाऊन जुन्या फर्नेसची प्लेट वाचली, घराचे स्क्वेअर फूट विचारले आणि आकडा सांगून टाकला. एकानेही खिडक्या मोजल्या नाहीत, अटिकमध्ये (छपराखालच्या पोकळीत) डोकं घालून इन्सुलेशन बघितलं नाही, डक्टला (हवा खोल्यांत नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गाला) बारीक भोक पाडून प्रेशर घेतलं नाही. मी हीटिंगच्याच कामात आहे, आणि कळकळीने सांगतो की लोक ब्रँड कुठला, एफिशियन्सी ९५ की ९७ यावर आठवडे घालवतात आणि साइझ मात्र समोरचा म्हणेल ती मान्य करतात, आणि पुढची १५-२० वर्षं घरात जो त्रास होतो तो बहुतेक वेळा साइझ आणि डक्टमुळे होतो, ब्रँडमुळे नाही.

मोठी फर्नेस असली तर बिघडतं काय, जास्त ताकद असलेली बरीच की, असं वाटणं साहजिक आहे. पण गॅस फर्नेस चालते कशी ते बघा. थर्मोस्टॅट उष्णता मागतो, बर्नर पेटतो, हीट एक्स्चेंजर (ज्वालेची उष्णता हवेला देणारा पत्र्याचा भाग) तापायला मिनिटभर जातं, मग ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) सुरू होतो, मग डक्टचा पत्रा तापतो, आणि मग कुठे लांबच्या खोलीत गरम हवा पोचायला लागते. फर्नेस गरजेपेक्षा फार मोठी असेल तर थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे (बहुतेक घरांत खालच्या हॉलमध्येच असतो) ती खोली पाच-सहा मिनिटांत तापते आणि बर्नर बंद. वरच्या मागच्या बेडरूमपर्यंत उष्णता पोचायला लागते न लागते तोच खेळ संपतो. म्हणजे तुमच्या गार बेडरूमचं एक कारण फर्नेस लहान असणं नसून मोठी असणं हेच असू शकतं, आणि तिसऱ्या माणसाने सुचवलेल्या उपायाने तो त्रास वाढेल. शिवाय सारखं चालू-बंद झाल्याने इग्नायटर (बर्नर पेटवणारा भाग), इंड्यूसर मोटर (धूर बाहेर ओढणारी), हीट एक्स्चेंजर सगळ्यांचीच झीज जास्त होते, आवाज जास्त येतो, आणि घरात एकदा उकडतं एकदा गार वाटतं ते वेगळंच.

मग बरोबर साइझ काढायची कशी? खरी पद्धत म्हणजे लोड कॅल्क्युलेशन. अमेरिकेत त्याला मॅन्युअल जे म्हणतात, एसीसीए नावाच्या कॉन्ट्रॅक्टर लोकांच्या संस्थेची ती पद्धत आहे. त्यात प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छत, इन्सुलेशन, फटींतून येणारी हवा हे सगळं धरून तुमच्या गावच्या डिझाइन तापमानाला तासाला किती बीटीयू उष्णता घरातून बाहेर जाते ते काढतात. डिझाइन तापमान म्हणजे इतिहासातली सगळ्यात कडाक्याची रात्र नव्हे, साधारणपणे ज्याच्या खाली वर्षातले जेमतेम १% तास जातात ते तापमान, म्हणजे वर्षाकाठी ८८ च्या आसपास तास. कॉन्ट्रॅक्टरकडे हे खोलीनिहाय मागा. नुसता पूर्ण घराचा एक आकडा तुमच्या त्या दोन बेडरूमच्या कामाचा नाही.

पण तोपर्यंत तुम्हाला घरबसल्या एक फार चांगला अंदाज घेता येतो, आणि तुमची फर्नेस अजून चालू आहे तोवरच घेता येतो, म्हणून हे आधी करा. ती सिंगल-स्टेज आहे असं धरतो, म्हणजे पेटली की पूर्ण ताकदीने जळते. इनपुट १ लाख, एफिशियन्सी ८०%, म्हणजे घराला तासाला ८० हजार बीटीयू मिळतात. आता एखादी चांगली थंड रात्र बघा, ऊन नाही, स्वयंपाक नाही, थर्मोस्टॅट रात्रभर एकाच आकड्यावर ठेवा (रात्री खाली आणि पहाटे वर असं केलंत तर हिशोब बिघडेल), फिल्टर स्वच्छ हवा. आणि रात्री उशिरा किंवा पहाटे एक-दोन तास बर्नर किती मिनिटं पेटलेला असतो ते मोजा. ब्लोअर नव्हे बर्नर, कारण ब्लोअर बर्नर विझल्यावरही थोडा वेळ फिरतच राहतो. थर्मोस्टॅट वायफाय वाला असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये रनटाइमची नोंद आयती मिळते.

समजा आत ७० डिग्री फॅरेनहाइट, बाहेर २०, आणि बर्नर तासाला २५ मिनिटं चालला. ८० हजार गुणिले २५ भागिले ६०, साधारण ३३ हजार बीटीयू. ही ५० डिग्रीच्या फरकाची गरज झाली. तुमच्या भागाचं डिझाइन तापमान ५ डिग्री असेल तर फरक ६५ चा, म्हणजे १.३ पट, म्हणजे तासाला ४३ हजार. १ लाखाची फर्नेस बसलेल्या घराची गरज ४३ हजार निघणं यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही, हे मी नेहमी बघतो. जुन्या काळी खिडक्या एकेरी काचेच्या होत्या, अटिकमध्ये इन्सुलेशन नव्हतं, मग मधे कधीतरी खिडक्या बदलल्या, इन्सुलेशन घातलं, पण फर्नेस मात्र प्रत्येक वेळी आधीच्याच साइझची बसत गेली.

आता हाच ४३ हजारचा आकडा धरून तुमचे तीन कोट तपासू (आकडा माझ्या उदाहरणातला आहे, तुमचा स्वतःचा काढा). पहिल्याचा आउटपुट ८० हजार, गरजेच्या जवळजवळ १.९ पट. दुसऱ्याचा ८० हजारला ९६% म्हणजे ७६,८००, १.८ पट. टू-स्टेजची खालची स्टेज साधारण ६५-७०% असते, ६५ धरली तरी ५० हजारच्या आसपास, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीसुद्धा खालची स्टेजच गरजेपेक्षा जास्त आहे आणि वरची स्टेज कधी लागणारच नाही. तुम्ही दोन स्टेजचे पैसे भरून मोठी सिंगल-स्टेज घेतल्यासारखं झालं. तिसऱ्याची तर १ लाख २० हजारला ९६% धरली तर १ लाख १५ हजार, गरजेच्या पावणेतीन पटीच्या जवळ. मॉड्युलेटिंग मशीन ४०% पर्यंत खाली येतं असं धरलं तरी ते ४६ हजार, म्हणजे ते अगदी तळाला जाऊनही तुमच्या डिझाइन गरजेच्या वरच, ज्वाला हळूहळू कमी-जास्त करणं हा जो त्याचा मोठा गुण सांगितला जातो तो तुमच्या घरात दिसणारच नाही.

आणि ६० हजारची ९६% टू-स्टेज घेतली तर? आउटपुट ५७,६००, गरजेच्या १.३ पट. मॅन्युअल एस म्हणजे मशीन निवडायची जी पद्धत आहे तिच्यात फर्नेस लोडच्या १.४ पटीपर्यंत चालते, तर हे आत बसतं. खालच्या स्टेजला ३७ हजार मिळतात, म्हणजे बाहेर साधारण १४ डिग्री होईपर्यंत घर खालच्याच स्टेजवर गरम राहील, मशीन एका वेळी बराच वेळ चालेल, हवा सगळ्या खोल्यांत फिरत राहील. वरची स्टेज खऱ्या कडाक्याला. असंच हवं. एकच गोष्ट ध्यानात घ्या, तुम्ही दिवसभर घर ६० वर सोडून संध्याकाळी तासाभरात ७० वर आणायची अपेक्षा ठेवणार असाल तर बरोबर साइझची फर्नेस त्याला वेळ घेते, त्यापेक्षा तीन-चार डिग्रीचाच फरक ठेवा.

आता डक्ट. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण तुमच्या बेडरूमचं उत्तर बहुतेक इथेच आहे. फर्नेस किती हवा मागते त्याचं साधं सूत्र आहे, आउटपुट बीटीयू भागिले १.०८ भागिले टेम्परेचर राइज. राइज म्हणजे फर्नेसमध्ये येणाऱ्या आणि तिच्यातून बाहेर जाणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक, फर्नेसच्या प्लेटवर त्याची रेंज छापलेली असते. ५५ डिग्री राइज धरली तर १ लाख १५ हजार आउटपुटला १,९०० च्या वर सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, तुमच्या आत्ताच्या मशीनला १,३५० च्या आसपास, आणि ६० हजारवालीला ९७० पुरते. डक्ट तर तेच राहणार आहेत! मोठ्या मशीनला तेवढी हवा मिळाली नाही की आतलं तापमान वाढतं, लिमिट स्विच (फार तापलं की बंद करणारा सुरक्षा स्विच) बर्नर तोडतो, परत पेटतो, परत तोडतो, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की हीट एक्स्चेंजरचा पत्रा थकून चिरतो. म्हणून लहान फर्नेस डक्टवरचा ताण आपोआप कमी करते.

तरीही कॉन्ट्रॅक्टरला टोटल एक्सटर्नल स्टॅटिक प्रेशर (डक्टमधून हवा ढकलताना ब्लोअरवर येणारा दाब) मोजायला लावा. बहुतेक घरगुती फर्नेस ०.५ इंच वॉटर कॉलमला (हे दाबाचं एकक) रेट केलेल्या असतात आणि प्रत्यक्षात घरांमध्ये ०.८, ०.९ सर्रास सापडतं. कारण शोधायला गेलं की बऱ्याचदा रिटर्न डक्ट अरुंद निघतो, म्हणजे गरम हवा ढकलायला वाट आहे पण परत यायला नाही. वरच्या बेडरूममध्ये रिटर्न ग्रिल आहे का बघा. नसेल तर रात्री दार बंद केल्यावर त्या खोलीत हवा शिरणार कशी? दार उघडं ठेवून एक रात्र बघा, फरक पडला तर ट्रान्सफर ग्रिल (दारात किंवा भिंतीत हवा जाण्यासाठी जाळी) किंवा नवीन रिटर्न हेच औषध. तसंच त्या खोल्यांकडे जाणारा डक्ट अटिकमधून किंवा गॅरेजवरून जातो का, सांधे मॅस्टिक (फटी बुजवायचा लेप) लावून बंद केलेत का, फ्लेक्स डक्ट कुठे मुडपलाय का. आणि फिल्टर, १ इंची जाडीचा जास्त मर्व्हचा (बारीक धूळ अडवण्याचं रेटिंग) फिल्टर हवा बरीच अडवतो, नवीन फर्नेसबरोबर ४ किंवा ५ इंची फिल्टर कॅबिनेट बसवून घ्या, हे छोटं काम आहे आणि त्याचा उपयोग कायमचा.

एसी त्याच डक्टवर आहे ना? मग ब्लोअर एसीच्या हिशोबानेही बघावा लागतो, एका टनाला साधारण ४०० सीएफएम, ३ टनाचा एसी असेल तर १,२००. एकाच बीटीयूच्या फर्नेस वेगवेगळ्या ब्लोअरसह मिळतात, म्हणून "एसीला हवा पुरत नाही म्हणून मोठी फर्नेस घ्या" हे कारण कुणी दिलं तर मोठ्या ब्लोअरचं मॉडेल मागा, मोठ्या बर्नरचं नको.

एफिशियन्सीबद्दल. एएफयूई ८०% म्हणजे वर्षभरात जळलेल्या १०० भाग गॅसपैकी ८० भाग उष्णता घराला, २० चिमणीतून वर. ८० वरून ९५ ला गेलात तर तेवढ्याच उबेसाठी गॅस साधारण १६% कमी लागतो. थंड प्रदेशात असाल तर घ्या, मी तरी घ्या म्हणेन, कॅनडात तर २०१९ पासून नवीन घरगुती गॅस फर्नेसला ९५% ची सक्तीच आहे. पण ९५ की ९७ यावर डोकं शिणवू नका, तो फरक एका गळक्या रिटर्न डक्टमध्ये वाहून जातो, आणि एएफयूईमध्ये डक्टची गळती धरलेलीच नसते.

९०% च्या वरच्या फर्नेस कंडेन्सिंग असतात, म्हणजे जळालेल्या धुरातली वाफ दुसऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये थंड करून तिची उष्णताही काढून घेतात. त्यामुळे तीन गोष्टी बदलतात. धूर इतका कोमट होतो की तो चिमणीतून स्वतःहून वर जात नाही, पीव्हीसी किंवा तत्सम पाइपने भिंतीतून बाहेर काढावा लागतो. दुसरा पाइप जळणासाठी बाहेरची हवा आणतो, तो घालूनच घ्या, टाळू देऊ नका, कारण एकतर घरातली तापवलेली हवा जाळली जात नाही आणि दुसरं म्हणजे ड्रायर, किचनचा एक्झॉस्ट चालू असताना धूर उलटा घरात ओढला जायचा धोका कमी होतो. तिसरं, पाणी पडतं, कडाक्याच्या दिवसांत दिवसाला बादलीभरसुद्धा, आणि ते आम्लधर्मी असतं. त्याला ड्रेन हवा, न्यूट्रलायझर (आम्ल मारणारा) हवा, आणि तो पाइप जिथे गोठेल अशा जागेतून नेलेला नको, नाहीतर नेमकी सगळ्यात थंड रात्री फर्नेस बंद पडते.

आणि एक गोष्ट जी कोटमध्ये बऱ्याचदा नसते. तुमचा गॅसचा वॉटर हीटर आत्ता फर्नेसबरोबर त्याच चिमणीत जोडलेला असेल, तर फर्नेस तिथून काढल्यावर एवढ्या मोठ्या चिमणीत तो एकटा उरतो. त्याच्या थोड्याशा धुराने ती चिमणी तापत नाही, ओढ बसत नाही, आत पाणी साचून विटा खराब होतात आणि कार्बन मोनॉक्साइड घरात उलटू शकतो. त्याला चिमणीत योग्य मापाचा लायनर (आतला अरुंद पाइप) घालावा लागतो किंवा वॉटर हीटरच बदलावा लागतो. तिघांनाही हे विचारा. ज्याला प्रश्न लगेच कळेल तो माणूस कामाचा.

ब्रँडचं मी लवकर आवरतो. कॅरियर आणि ब्रायंट एकाच घरचे, ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्ड एकाच घरचे, रीम आणि रूड एकाच घरचे, गुडमन आणि अमाना दोन्ही डायकिनच्या. आतले इग्नायटर, गॅस व्हॉल्व्ह, मोटर बरेचदा त्याच मोजक्या सप्लायरचे असतात. तुमच्या भागात ज्याचे पार्ट लगेच मिळतात आणि ज्याची सर्व्हिस देणारा माणूस थंडीत फोन उचलतो तो ब्रँड चांगला. वॉरंटी मात्र नीट वाचा, बऱ्याच कंपन्यांची १० वर्षांची पार्ट वॉरंटी ठरावीक मुदतीत रजिस्ट्रेशन केलं तरच मिळते, नाहीतर कमी होते, आणि मजुरी त्यात सहसा नसते. माझा कल टू-स्टेज आणि व्हेरिएबल स्पीड ब्लोअरकडे आहे. मॉड्युलेटिंग वाईट नाही, पण त्याचे कंट्रोल बोर्ड महाग, दुरुस्ती करणारे कमी, आणि बरोबर साइझच्या टू-स्टेजपेक्षा घरात जाणवणारा फरक थोडा.

एसीही म्हातारा झाला असेल तर त्याच्या जागी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं एसीसारखं मशीन) घेऊन फर्नेस फक्त कडाक्याला ठेवायची, ज्याला ड्युअल फ्युएल म्हणतात, त्याचाही कोट घ्या. तुमच्याकडचा विजेचा आणि गॅसचा दर मांडून बघा, काही ठिकाणी ते सरळ परवडतं, काही ठिकाणी नाही.

अजून एक, "हीट एक्स्चेंजर चिरलाय, आजच बदला" असं कुणी म्हटलं तर फोटो किंवा कॅमेऱ्यातून चीर दाखवा म्हणा आणि कार्बन मोनॉक्साइडचं रीडिंग मागा. चीर खरी असेल तर फर्नेस लगेच बंद करायची, त्यात तडजोड नाही. पण नुसती पेटत नाही, पेटून विझते, एवढंच असेल तर बऱ्याचदा फ्लेम सेन्सरवर (ज्वाला पेटली का ते ओळखणारा भाग) थर बसलेला असतो, इग्नायटर तुटलेला असतो, किंवा प्रेशर स्विचची नळी तुंबलेली असते, ही छोटी कामं आहेत. घाबरून रात्रीत घेतलेली फर्नेस बहुतेक वेळा चुकीच्या साइझची असते, कारण त्या दिवशी गोदामात जी असते ती बसते.

तर क्रम असा ठेवा. अटिक आणि फटींचं काम करायचं असेल तर ते आधी, कारण त्याने लोड कमी होतो आणि फर्नेस आणखी लहान चालू शकते. मग रनटाइम मोजा. मग खोलीनिहाय लोड आणि स्टॅटिक प्रेशर लेखी देणाऱ्याकडूनच कोट घ्या, दुसऱ्या माणसाला ६० हजारच्या टू-स्टेजचा कोट मागून बघायला हरकत नाही, तो बाकी बरा वाटतोय. कोटमध्ये परमिट, वॉटर हीटरचं व्हेंट, ड्रेन, फिल्टर कॅबिनेट आणि रिटर्नचं काम वेगवेगळं लिहून घ्या. बसवून झाल्यावर गॅस मॅनिफोल्ड प्रेशर (बर्नरला मिळणाऱ्या गॅसचा दाब, नॅचरल गॅसला वरच्या स्टेजला साधारण ३.५ इंच वॉटर कॉलम, पण त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असेल ते खरं), टेम्परेचर राइज, स्टॅटिक प्रेशर आणि धूर तपासणाऱ्या कंबशन अ‍ॅनालायझरचा प्रिंट हे चार आकडे हातात घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि बेडरूमच्या बाहेर आजच लावा, नवीन फर्नेस येईपर्यंत थांबू नका, जुनीच तर जास्त धोक्याची आहे.